बाबांच्या टाकीचा दिवस: दिव्याच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

मासे आणि पाणझाडे ठेवायची काचेची टाकी आली. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. फोंड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला लोखंडी स्टँडवर ठेवली. स्टँडची उंची अडीच फूट, म्हणजे खुर्चीत बसलेल्या बाबांच्या डोळ्यांसमोर पाणी बरोबर येते.

बाबांसाठीच हे सगळे चालले आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, दिसते चांगले, पण छापील अक्षर फार वेळ वाचवत नाही आणि टीव्हीचा त्यांना कंटाळा. सत्तरीच्या मूळ घरामागे व्हाळ, म्हणजे ओढा आहे. तिथे दगडावर बसून मासे बघण्यात त्यांचे तास जात. तसे काहीतरी घरात असावे म्हणून झाडांची टाकी.

डाव्या हाताला दक्षिणेची खिडकी दोन फुटांवर आहे. टाकी खिडकीपासून लांब ठेवावी हे मला ठाऊक आहे, पण हॉलमध्ये दुसरी मोकळी भिंत नाही. शिवाय या खिडकीतून आत ऊन येत नाही, ते मी मेच्या शेवटच्या आठवड्यात सकाळपासून दुपारपर्यंत बघून ठेवले आहे.

१० जून

दिव्याचा हिशोब. टाकी काठोकाठ ८८ लिटरची, पण तळाला दोन इंच रेती आणि वर इंचभर रिकामी जागा सोडली तर पाणी सुमारे ७० लिटर. मत्स्यालयवाले ढोबळ आडाखा धरतात तो असा: कमी उजेडाच्या झाडांना लिटरमागे १० ते २० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचे माप), मध्यम झाडांना २० ते ४०, त्यापुढे गेलात तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हवाच. सिलिंडर मला नको. बाबा दिवसभर घरी एकटे असतात, त्यांच्यावर आणखी एका यंत्राची जबाबदारी टाकायची नाही.

म्हणून झाडे ठरवली ती सोशिक: जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरीन, मागे व्हॅलिसनेरिया. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतच उगवतात, त्यामुळे हे झाड मला पाहुणे वाटत नाही.

वॅट बघून दिवा घेण्याचे दिवस ट्यूबलाइटबरोबर गेले. एलईडीत दोन दिव्यांचे वॅट सारखे असले तरी उजेडात बराच फरक पडतो. आणि ल्युमेनसुद्धा माणसाच्या डोळ्याचे माप आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला सर्वांत तल्लख, म्हणून त्या रंगाला ल्युमेनच्या हिशोबात जास्त वजन. झाडासाठी खरे माप म्हणजे पार, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या प्रकाशकणांची मोजणी. ते मोजायचे यंत्र महाग. पांढऱ्या दिव्यापुरता ल्युमेनचा आडाखा चालतो.

१५ जून, रविवार

मडगावला जाऊन दिवा आणला. पहिल्या दुकानात ‘झाडांचा खास’ म्हणून जांभळट-गुलाबी दिवा पुढे केला. त्यामागचे कारण अर्धे खरे आहे. हरितद्रव्य निळा आणि तांबडा उजेड जास्त शोषते, म्हणून दिव्यात तेच दोन रंग भरायचे. पण पाने हिरवा उजेडही वापरतात, थोडा कमी इतकेच. आणि त्या दिव्याखाली हिरवे पान काळपट दिसत होते. बाबांना काळी झाडे दाखवायची का? नाही घेतला.

दुसऱ्या दुकानात दोन फुटी पांढरा दिवा मिळाला. २४ वॅट, ६५०० के (केल्विन, उजेडाच्या रंगछटेचे माप), बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा. खोक्यावर २१६० ल्युमेन लिहिले आहे. म्हणजे लिटरमागे ३० च्या वर, मला हवा त्याच्या दुप्पट. तरी घेतला, कारण बारा व्होल्टचा असल्याने त्याला डिमर लावता येतो. मोठा दिवा मंद करून वापरता येतो, थंडही राहतो. छोट्या दिव्याला मात्र पुढे वाढवायला जागाच नसते.

६५०० के म्हणजे दुपारच्या उजेडासारखा पांढरा. १०,००० के आणि त्यावरचे दिवे निळसर, ते समुद्री टाक्यांत शोभतात.

२१ जून

कोरड्या टाकीत मोजणी. फोनमधले लक्स, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड, मोजायचे अॅप फार अचूक नसते, पण एकाच फोनने मोजले तर इथे किती आणि तिथे किती एवढी तुलना पुरेशी होते. दिवा काठावर ठेवून पूर्ण उजेडावर: तळाच्या मध्यभागी ६५००, कोपऱ्यात २८००. पांढऱ्या एलईडीचे लक्स सत्तरने भागले की पारचा ढोबळ आकडा मिळतो, म्हणजे मध्ये नव्वदच्या आसपास आणि कोपऱ्यात चाळीस. सिलिंडर नसलेल्या टाकीला मध्यभागी नव्वद फार झाले.

डिमर ५० टक्क्यांवर आणला. मध्ये पंचेचाळीस, कोपऱ्यात वीस. क्रिप्टोकोरीन मध्ये, अनुबियास आणि फर्न कोपऱ्यांत लाकडाला बांधायचे. झाडांच्या जागा मनातल्या चित्रावर ठरवल्या होत्या, त्या आज या आकड्यांवर बदलल्या.

२२ जून, रविवार

झाडे लावली, पाणी भरले. नळाचे पाणी ओपाचे, म्हणजे खांडेपार नदीचे. क्लोरीन घालवायचे औषध टाकले. मासे महिनाभर तरी नाहीत.

वेळ: दुपारी ३ ते रात्री ९. सहाच तास. नव्या टाकीत झाडांची मुळे धरलेली नसतात, ती अन्न खात नाहीत आणि तो उजेड शेवाळाच्या पदरात पडतो. दुपारी तीनपासून, कारण तोवर बाबा झोपून उठतात आणि मी साडेपाचला येते. माणसे झोपली असताना किंवा बाहेर असताना टाकीचा दिवस खर्च करण्यात अर्थ नाही. झाडाला उजेडाचे तास हवे असतात, ते घड्याळात कुठे बसतात याच्याशी त्याचे काही अडत नाही.

चकतीचा टायमर लावला. कडेला ९६ पिना, एक पिन म्हणजे पाव तास.

वायर बटणाकडे नेताना मध्ये खाली झोल सोडला. पाणी वायरवरून ओघळले तर झोलाच्या टोकाला गळून पडते, सॉकेटपर्यंत चढत नाही. सॉकेटच्या मागे ३० मिलिअँपिअरचा गळतीरक्षक ब्रेकर शेजारच्या वायरमनकडून आधीच बसवून घेतला होता. पाणी आणि वीज शेजारी ठेवताना हे आधी, दिवा नंतर.

३ जुलै

रात्री बाबांनी हाक मारली. “अगो, दीड वाजला, तुझी टाकी अजून पेटलीय!”

कारण लगेच सापडले. चकतीचा टायमर विजेवर फिरतो. वीज गेली की चकती थांबते आणि वीज आली की थांबल्या जागेवरून पुढे चालते. पावसाला सुरुवात झाल्यापासून वीज कधी अर्धा तास, कधी दोन तास जाते. अकरा दिवसांत चकती पावणेपाच तास मागे पडली होती. दिवा पावणेआठला लागून पावणेदोनला विझत होता.

गोव्यात पावसाळ्यात हा टायमर कामाचा नाही, हे ठामपणे लिहून ठेवते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा, त्याचे घड्याळ वीज नसतानाही चालते. फोनवरून चालणारा स्मार्ट प्लगही बघितला, पण वीज परत आल्यावर तो चालू होतो की बंद राहतो ते प्रत्येकाचे वेगळे, आणि राउटर उठेपर्यंत त्याला वेळ कळत नाही. डिजिटल आणला.

१३ जुलै, रविवार

काचेवर, रेतीवर, पानांवर तपकिरी पूड. बोटाने पुसली की जाते. डायटम, म्हणजे तपकिरी सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत येतेच आणि पाण्यातले सिलिकेट संपत आले की ओसरते. दिव्याला हात लावला नाही. क्रिप्टोकोरीनची जुनी पाने विरघळून गेली, तेही या झाडाचे ठरलेले आहे. जागा बदलली की पाने टाकते आणि मुळाशी नवी फुटतात. बाबांना मात्र रोज सांगावे लागते की झाड मेलेले नाही.

२७ जुलै, रविवार

माशांना विषारी असलेले अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य. आठ हार्लेक्विन रासबोरा सोडले. हे मासे मलाया-सुमात्राच्या झाडीखालच्या, चहाच्या रंगाच्या मंद पाण्यातले. आपल्या मंद दिव्याला शोभणारे.

तीनला दिवा लागला आणि आठही मासे एकदम काचेवर धडकले. माशाला पापणी नसते, अंधाऱ्या खोलीत कुणी अचानक बॅटरी मारावी तसे होते. पावसाळी दुपारी आमचा हॉल काळोखाच असतो.

तात्पुरता उपाय: तीनच्या आधी बाबा हॉलची ट्यूब लावतात. कायमचा उपाय म्हणून चढता-उतरता उजेड देणारा डिमर मागवला. विकत घेताना एकच गोष्ट विचारली, वीज गेल्यावर घड्याळ टिकते का. बहुतेक स्वस्त डिमर तिथेच नापास होतात.

१० ऑगस्ट, रविवार

डिमर आला. अर्ध्या तासात शून्यावरून ५० टक्के, शेवटच्या अर्ध्या तासात परत शून्य. मासे आता बिचकत नाहीत. उजेड चढायला लागला की ते स्वतःच पुढच्या काचेजवळ येतात आणि रात्री नऊनंतर लाकडाच्या मागे जमतात. बाबा ते बघत बसतात. दिवा विझण्याचा अर्धा तास त्यांचा सगळ्यांत आवडता.

वेळ वाढवून अडीच ते साडेनऊ केली. झाडांनी मुळे धरली आहेत, व्हॅलिसनेरियाची पिल्ले फुटली.

आणखी एक गोष्ट मला सुचायला हवी होती, ती बाबांनी सांगितली. खुर्चीतून दिव्याची कड थेट डोळ्यात जाते. शस्त्रक्रियेनंतर त्यांना झगझगाट सोसत नाही. दिव्याच्या पुढच्या बाजूला दोन इंचांची काळी पट्टी चिकटवली. झाडांचा उजेड तसूभर कमी झाला नाही आणि खुर्चीतून आता फक्त पाणी दिसते.

मोकळा झालेला डिजिटल टायमर हवेच्या पंपाला लावला, रात्री दहा ते सकाळी सहा. काळोखात झाडेही प्राणवायू घेतात.

१ सप्टेंबर

चवथीला मूळ घरी गेलो होतो, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधण्यापासून पाचव्या दिवसाच्या विसर्जनापर्यंत. फ्लॅट बंद. माशांना खाणे कुणी घातले नाही. मोठ्या, धष्टपुष्ट माशांना पाच दिवस काही होत नाही आणि शेजाऱ्याच्या हातून पडणारे जास्तीचे खाणे उपासापेक्षा वाईट. परत आल्यावर आठही मासे मोजले. डिमरचे घड्याळ एका मिनिटाने चुकलेले नव्हते.

२८ सप्टेंबर

पाणी बदलले. सगळे ठीक. वरच्या काचेवर थेंब वाळून पांढरट थर बसतो, तो दर रविवारी पुसते.

२६ ऑक्टोबर, रविवार

गेल्या आठवड्यात दिवाळीच्या गडबडीत टाकीकडे नीट बघितले नव्हते. आज बघते तर डाव्या काचेवर हिरवे ठिपके आणि डाव्या लाकडावर बोटभर लांब हिरवे केसाळ शेवाळ. पाण्यालाही हिरवट झाक. उजवी बाजू मात्र स्वच्छ.

दिवा तोच, वेळ तीच, खाणे तेवढेच. नायट्रेट नेहमीसारखे. तरी शेवाळ म्हणजे उजेड जास्त, हा धडा पाठ असल्याने दिवा ४० टक्क्यांवर आणून वेळ पाच तासांवर आणली.

३१ ऑक्टोबर

शेवाळ वाढलेच. फर्नची नवी पाने फिकट. संध्याकाळचा पाण्याचा ताप २९.५, सप्टेंबरात २७ असायचा. पाऊस संपून उकाडा वाढला आहे, पण अडीच अंश? डावीकडेच का हे अजून सुटत नाही. दिवा दोन्ही बाजूंना सारखा आहे, मी स्वतः मोजला आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

आज तुळशीचे लग्न. रविवारी सकाळी मी बाजारात असते, पण आज ऊस, आवळे, चिंचा कालच आणून ठेवल्यामुळे घरी होते. दहा वाजता बाबांनी दक्षिणेच्या खिडकीचा पडदा सारला आणि खुर्ची ओढून उन्हात पेपर घेऊन बसले. उन्हाचा पट्टा त्यांच्या मांडीवरून सरळ टाकीच्या डाव्या काचेवर.

“बाबा, हे ऊन कधीपासून येतं?”

“झाले पंधरा-वीस दिवस. पाऊस गेला तसं येतं. दरवर्षी येतं. उन्हात अक्षर स्पष्ट दिसतं, म्हणून तर मी खुर्ची इकडे घेतो.”

फोन डाव्या काचेला लावला. ४०,०००. माझा दिवा पूर्ण उजेडावर तळाशी ६५०० देतो, आणि तो तर मी चाळीस टक्क्यांवर आणून ठेवला होता. सकाळी दहा ते साडेबारा, रोज अडीच तास, माझ्या दिव्याच्या कितीतरी पट दिवा डावीकडून लागत होता आणि मी उजवीकडच्या फर्नला उपाशी ठेवत होते.

मे महिन्यात बघून ‘ऊन येत नाही’ असे मी पहिल्याच नोंदीत लिहिले. बघितले ते खरेच होते, फक्त महिना चुकला. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर. सूर्य मेच्या सुरुवातीला डोक्यावर येतो आणि मग ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. तेवढ्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत त्याचे ऊन येणारच नाही. नंतर तो दक्षिणेला कलत जातो आणि जितका कलतो तितका खिडकीतून खोल आत शिरतो. आमच्या खिडकीवरचा छज्जा जेमतेम वीतभर, तो काही अडवत नाही.

दुपारी साडेबाराच्या सुमारास फरशीवर उन्हाची कड जिथे होती तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावला, वर तारीख. खिडकीच्या भिंतीपासून चार फूट एक इंच. साडेबारा यासाठी, की आपले घड्याळ प्रयागराजजवळून (पूर्वीचे अलाहाबाद) जाणाऱ्या रेखेचे. फोंड्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, त्यानंतर.

संध्याकाळी तुळशीपुढे पणत्या लावून आल्यावर बाबांना सगळे सांगितले. ते म्हणाले, “मग पडदा नको सारू का?” त्यांच्या आवाजावरून कळले की त्यांना तो सारायचा आहे.

३ नोव्हेंबर

पडदा राहणार. त्यांना सकाळचे ऊन हवे, पायांनाही आणि पेपरालाही. टाकीनेच जमवून घ्यायचे. डाव्या आणि मागच्या काचेला बाहेरून काळा जाड कागद लावला, कडा चिकटपट्टीने बंद. आता फोन आतल्या बाजूने डावीकडे ९०० दाखवतो, तेवढे खोलीचेच आहे. दिवा परत ५० टक्के, वेळ तीन ते साडेनऊ. लाकडावरचे शेवाळ टूथब्रशवर गुंडाळून काढले, तिसरा भाग पाणी बदलले.

काढलेले शेवाळ आणि छाटलेली पाने गच्चीवर उन्हात वाळवून मग कुंडीत घालते. व्हाळात किंवा गटारात कधीच नाही. बाहेरच्या पाणवनस्पती आपल्या पाण्यात शिरल्या की हटत नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाणी निवळले. संध्याकाळचा ताप २७. डाव्या काचेवर नवा ठिपका नाही. फर्नला गडद पान फुटले. उन्हाची कड चार फूट नऊ इंचांवर. दोन आठवड्यांत आठ इंच, एवढा वेग मला वाटला नव्हता.

काळ्या पार्श्वभूमीवर रासबोरांचा तांबूस रंग जास्त उठून दिसतो. हे ठरवून केलेले नाही, पण बाबांना कागदाची टाकी आधीच्या टाकीपेक्षा आवडते.

२१ डिसेंबर, रविवार

वर्षातला सर्वांत लहान दिवस. कड पाच फूट सात-आठ इंचांवर, म्हणजे तुळशीच्या लग्नापासून दीड फूट आत. आता ऊन टाकीच्या वरच्या काचेलाही लागते. दिव्याच्या मागे उरलेल्या झाकणावर सकाळी पुठ्ठा ठेवायचा असे ठरवले. ठेवायचे आणि दुपारी काढायचे काम बाबांनी मागून घेतले. पेपर वाचून झाला की काढतात.

११ जानेवारी २०२६, रविवार

कड पाच फूट चार इंच. परत फिरली. फरशीवर तीन महिन्यांच्या तारखांचे तुकडे ओळीने चिकटले आहेत. पुसताना कुणी काढू नयेत म्हणून कामवाल्या मावशींना दाखवून ठेवले.

याच हिशोबाने फेब्रुवारीच्या शेवटाला ऊन टाकीपासून सुटेल. तेव्हा पुठ्ठा बंद, दिवा सात तास. काळा कागद राहू दे. डिमरच्या मागे पांढऱ्या पट्टीवर दोन वेळा लिहून चिकटवल्या: मार्च ते सप्टेंबर, अडीच ते साडेनऊ, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तीन ते साडेनऊ, पडदा उघडा.

क्रिप्टोकोरीनला नवे रोप फुटले आहे, उजव्या कोपऱ्यात, जिथे जूनमध्ये फोनने सर्वांत कमी दाखवले होते. बाबांना ते माझ्या आधी दिसले.